जँगोतल्या डॉकस्ट्रिंगची साफसफाई : नवख्यांसाठी वाट

ओपन सोर्समध्ये पाऊल टाकणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, डॉक्युमेंटेशनपासून सुरुवात कर, सोपं असतं. सल्ला बरोबर आहे, पण त्यामागचं कारण चुकीचं. डॉक्युमेंटेशन बदलल्याने प्रोग्रॅम बंद पडत नाही, म्हणून ते नवख्याच्या हाती द्यायला कुणी कचरत नाही, एवढंच. काम म्हणून ते मुळीच सोपं नाही. स्पेलिंग आणि स्वल्पविराम हा त्यातला सगळ्यांत किरकोळ भाग. खरं काम म्हणजे कोडशेजारी लिहिलेल्या एकेका वाक्याची उलटतपासणी घेणं: हे आजही खरं आहे का? त्याचं उत्तर कोड वाचल्याशिवाय मिळत नाही, आणि म्हणूनच फ्रेमवर्क आतून समजून घ्यायला यासारखा दुसरा रस्ता नाही.

इथे उदाहरणासाठी जँगो घेतलंय. पायथॉनमधलं हे वेब फ्रेमवर्क २००५ साली खुलं झालं, त्यामुळे वाक्यं शिळी व्हायला भरपूर काळ गेलेला आहे. शिवाय डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं याचे नियम त्यांनी लिहून ठेवलेत, म्हणजे आवडीनिवडीवरून वाद घालण्यात वेळ जात नाही. तुम्ही रेल्स किंवा लाराव्हेलवर काम करणार असाल तर कमांड बदलतील, क्रम साधारण हाच राहील.

## आधी थर ओळखा

कोडचं डॉक्युमेंटेशन एका जागी नसतं. फंक्शन, क्लास किंवा मॉड्यूलच्या सुरुवातीला तिहेरी अवतरणचिन्हांत असते ती डॉकस्ट्रिंग. ती प्रोग्रॅम चालू असतानाही वाचता येते. पायथॉनच्या शेलमध्ये हेल्प केलं किंवा एडिटरमध्ये नावावर कर्सर नेला की दिसते ती हीच. ओळींच्या मध्ये हॅश चिन्हामागे असतात त्या कमेंट, त्या फक्त सोर्स उघडणाऱ्यालाच दिसतात. आणि तिसरा थर म्हणजे डॉक्स नावाचा वेगळा फोल्डर, ज्यात ट्युटोरियल, विषयवार मार्गदर्शन, हाउ-टू आणि रेफरन्स असे विभाग आहेत.

बऱ्याच पायथॉन प्रोजेक्टमध्ये रेफरन्सची पानं डॉकस्ट्रिंगमधूनच आपोआप तयार होतात. जँगोत तसं नाही. तिथला रेफरन्स मुख्यतः हाताने लिहिलेला आहे, रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये, आणि स्फिंक्स त्याचं एचटीएमएल करतं. याचा परिणाम नीट लक्षात घ्या: एकाच मेथडचं वर्णन दोन ठिकाणी आहे, आणि दोघांना जोडणारं कोणतंही यंत्र मध्ये नाही. वागणूक बदलली की पॅच (कोडमधला प्रस्तावित बदल) लिहिणारा रेफरन्स सुधारतो, कारण वापरणाऱ्यांना तो दिसतो. डॉकस्ट्रिंग मात्र राहून जाते. तुम्हाला सापडणाऱ्या बहुतेक चुका या फटीतल्या असतील.

दोन्हींचं वजनही सारखं नाही. जँगोच्या धोरणानुसार डॉक्युमेंटेशनमध्ये जे आहे ते सार्वजनिक एपीआय (इतरांच्या कोडने ज्यावर विसंबावं असा भाग), आणि ते वाटेल तेव्हा हलवता येत नाही. म्हणजे रेफरन्समध्ये घातलेलं वाक्य हे वचन असतं. तिथे भर घालताना हात आखडता ठेवा. डॉकस्ट्रिंगमध्ये थोडी मोकळीक आहे.

## यंत्रणा उभी करणं

यात अडकण्यासारखं फार नाही. जँगोच्या रिपॉझिटरीचा (कोडसाठ्याचा) फोर्क करा, म्हणजे स्वतःच्या खात्यात प्रत घ्या, ती क्लोन करून आपल्या संगणकावर आणा, व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट बनवा आणि जँगो एडिटेबल पद्धतीने इन्स्टॉल करा, म्हणजे तुम्ही बदललेली फाइलच चालेल. डॉक्स फोल्डरमध्ये स्वतंत्र रिक्वायरमेंट्स फाइल आहे, तीही इन्स्टॉल करा. मग त्याच फोल्डरमध्ये मेक एचटीएमएल ही कमांड द्या. पहिल्या वेळी सगळी पानं बनतात म्हणून वेळ लागतो, पुढे फक्त बदललेली. तयार पानं बिल्डच्या फोल्डरमध्ये मिळतात, ती ब्राउझरमध्ये उघडून पाहा.

टेस्ट चालतात का तेही आत्ताच बघून घ्या. डॉक्युमेंटेशनच्या कामाला टेस्ट कशाला, असं वाटेल. पुढे त्यांच्याशिवाय पान हलणार नाही.

## काय शोधायचं

पहिल्या दिवशी संपूर्ण कोड चाळू नका. एक मॉड्यूल निवडा, शक्यतो असं की जे तुम्ही स्वतः वापरलंय. फॉर्म वापरले असतील तर फॉर्म, क्वेरीसेट (डेटाबेसमधून नोंदी मागणारे ऑब्जेक्ट) वापरले असतील तर तो भाग. मग डॉकस्ट्रिंग वरपासून खालपर्यंत वाचा, कोड झाकल्यासारखा. प्रत्येक डॉकस्ट्रिंगनंतर थांबून खाली काय असेल याचा अंदाज बांधा, आणि मगच कोड वाचा. अंदाज आणि कोड जिथे जुळत नाहीत तिथे खूण करा.

वाक्य शिळं कसं होतं हे समजायला बल्क क्रिएट ही मेथड बघण्यासारखी आहे. ती पुष्कळ ऑब्जेक्ट एकदम डेटाबेसमध्ये घालते. तिच्या डॉकस्ट्रिंगमध्ये ती काय करत नाही हे स्पष्ट लिहिलंय: प्रत्येक ऑब्जेक्टची सेव्ह मेथड बोलावत नाही, सेव्हच्या आधीचे आणि नंतरचे सिग्नल (इतर कोडला दिल्या जाणाऱ्या सूचना) पाठवत नाही, आणि प्रायमरी की (नोंदीची ओळख पटवणारा आकडा) आपोआप वाढणारी असेल तर ती ऑब्जेक्टवर भरत नाही. शेवटचं विधान एके काळी सरसकट खरं होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या जँगोच्या १.१० आवृत्तीत पोस्टग्रेस या डेटाबेसवर प्रायमरी की भरली जाऊ लागली. पुढे मारियाडीबी १०.५ आणि एसक्यूलाइट ३.३५ पासूनच्या आवृत्त्यांवरही ती सोय झाली. आज त्या डॉकस्ट्रिंगमध्ये कंसात अपवाद आहे, आणि तो डेटाबेसची नावं घेत नाही; अमुक क्षमतेचा फ्लॅग (डेटाबेसला ते जमतं की नाही हे सांगणारी कोडमधली खूण) चालू असेल तर, असं म्हणतो. हा शहाणपणा उचलण्यासारखा आहे. नावांची यादी दिली असती तर दर नव्या डेटाबेसगणिक ती खोटी ठरली असती. फ्लॅगवर बोट ठेवलं की वाक्य कोडबरोबर चालतं.

अशी खोटी पडलेली विधानं हा सगळ्यांत मौल्यवान शोध, आणि ती कमीच सापडतात. त्याहून जास्त भेटतात ती रिकामी वाक्यं. गेट यूजर नावाच्या फंक्शनवर 'यूजर मिळवतं' एवढंच लिहिलेलं असतं. यात चूक काहीच नाही आणि उपयोगही काहीच नाही. पायथॉनमध्ये डॉकस्ट्रिंगचे संकेत २००१ पासून पेप २५७ या दस्तऐवजात आहेत, आणि त्यातही स्पष्ट म्हटलंय की एका ओळीची डॉकस्ट्रिंग म्हणजे फंक्शनच्या सिग्नेचरची, म्हणजे नाव आणि आर्ग्युमेंटच्या यादीची, नक्कल नव्हे. यूजर सापडला नाही तर काय होतं, एरर (एक्सेप्शन) फेकला जातो की नन (None) मिळतं, हे सांगत असेल तरच ती ओळ जागा अडवायच्या लायकीची.

मग येतात मेलेली नावं. डॉकस्ट्रिंग एखाद्या फंक्शनचा हवाला देते आणि ते फंक्शन केव्हाच दुसऱ्या नावाने नांदत असतं. हे शोधायला बुद्धी लागत नाही, चिकाटी लागते: डॉकस्ट्रिंगमध्ये आलेलं प्रत्येक नाव घेऊन गिट ग्रेप करा, म्हणजे सगळ्या कोडमध्ये ते शोधा. फक्त कमेंटमध्येच सापडलं तर समजा, ते नाव गेलेलं आहे. नवख्याच्या पहिल्या पॅचसाठी मला हा प्रकार सर्वांत पसंत आहे, कारण त्यावर कुणी वाद घालू शकत नाही.

शैलीच्या चुका शेवटी. जँगोचे नियम इथे नेमके आहेत. कमेंटमध्ये 'आपण' नको. 'आपण यादीवर लूप फिरवतो' ऐवजी 'यादीवर लूप फिरव'. टेस्टच्या डॉकस्ट्रिंगची सुरुवात 'हे तपासतं की' किंवा 'याची खात्री करतं की' अशी नको. अपेक्षित वागणूक थेट लिहा. टिकीटचा (कामाच्या किंवा चुकीच्या नोंदीचा) नंबर प्रत्येक टेस्टवर चिकटवायचा नाही. दोन ओळींत न मावणारी भानगड असेल तेव्हाच, तोही वाक्याच्या शेवटी. डॉकस्ट्रिंग, कमेंट आणि डॉक्स ७९ अक्षरांच्या आत. कोडला ८८ पर्यंत मुभा आहे आणि नवखे इथे हटकून गोंधळतात.

## कशाला हात लावायचा नाही

जुन्या आवृत्त्यांच्या रिलीज नोट्स. तिथे उल्लेखलेलं फंक्शन आज नसेल, तरी ते वाक्य बरोबर आहे, कारण ते त्या दिवसाबद्दल बोलतंय. इतिहास अद्ययावत करायचा नसतो.

अमुक आवृत्तीत आलं, तमुक आवृत्तीत बदललं अशा खुणा. त्या दोन आवृत्त्यांइतक्या जुन्या झाल्या की रिलीजच्या ठरलेल्या कामांत एकदम काढल्या जातात. तसंच 'रिमूव्ह्ड इन जँगो' असं सुरू होणाऱ्या कमेंट. त्या कचरा दिसतात, पण ती पुढच्या सफाईसाठी मुद्दाम ठेवलेली निशाणी आहे. डेप्रिकेशनची (जुनं काढण्याआधी दिलेल्या सूचनेची) मुदत संपली की याच शब्दांनी शोधून कोड काढतात.

आणि ॲडमिनच्या (जँगोच्या तयार व्यवस्थापन-पानांच्या) व्हेंडर फोल्डरमधलं बाहेरून आणलेलं जावास्क्रिप्ट, जेक्वेरी वगैरे. ते जँगोचं लेखन नाहीच.

## वाक्य खरं की खोटं, हे कसं ठरवायचं

एखाद्या डॉकस्ट्रिंगबद्दल शंका आली की आधी फंक्शनमधले सगळे रिटर्न आणि सगळे रेज शोधा. वर्णनात एक आणि कोडमध्ये तीन रिटर्न असतील तर उरलेल्या दोन वाटा कुणीतरी नंतर आणल्यात. त्या कधी आणल्या हे गिट ब्लेम सांगतं. ब्लेमने दाखवलेली कमिट (बदलाची गिटमधली नोंद) उघडा. संदेशात बहुधा टिकीटचा नंबर असतो आणि टिकीटमध्ये मूळ चर्चा. गिट लॉगला मोठ्या एसचा पर्याय दिला तर एखादा शब्द कोडमध्ये कधी आला आणि कधी गेला, तेवढ्याच कमिट मिळतात. मेलेल्या नावाचं नवं नाव शोधायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

विचित्र कमेंट दिसली की ही पायरी कधीही गाळू नका. 'इथे क्रम बदलू नये' असं विनाकारण लिहिलेलं दिसलं, तर कारण नाही असं नव्हे; ते कमिटमध्ये आहे. अशा वेळी कमेंट काढायची नाही, कारण तिच्यात आणून ठेवायचं.

मग टेस्ट. बल्क क्रिएटच्या टेस्ट त्याच नावाच्या फोल्डरमध्ये आहेत, बहुतेक मोठ्या भागांचं असंच आहे. रनटेस्ट्स या फाइलला फोल्डरचं नाव दिलं की तेवढ्याच टेस्ट चालतात, आणि मुळात एसक्यूलाइटवर चालत असल्याने वेगळा डेटाबेस मांडावा लागत नाही. आता खरी युक्ती: डॉकस्ट्रिंग जे म्हणते ते मुद्दाम मोडून बघा. समजा तिच्यात लिहिलंय की निकालाचा क्रम दिलेल्या यादीप्रमाणे राहतो. कोडमध्ये तात्पुरता क्रम उलटा करा आणि टेस्ट चालवा. लाल झाल्या, म्हणजे नापास झाल्या, तर प्रोजेक्टने ती वागणूक जपायचं ठरवलेलं आहे, वाक्य ठेवा. सगळ्या हिरव्या राहिल्या तर तो क्रम कदाचित योगायोग आहे. असा योगायोग लेखी आणणं धोक्याचं. आधी टिकीटवर विचारा. तपासणी झाली की बदल मागे घ्यायला विसरू नका.

एआयकडून डॉकस्ट्रिंग लिहून घेण्याबद्दल एकच सांगतो. ती साधनं फंक्शनचं नाव आणि आर्ग्युमेंट पाहून अत्यंत सफाईदार वाक्य देतात, आणि सफाईदार वाक्यावर तपासणाऱ्याची नजर घसरते. जिथे मूळ दुखणंच 'छान वाचतं पण खरं नाही' हे आहे, तिथे त्यांचा मसुदा वापरलात तरी वरची तपासणी एक पायरीही कमी होत नाही.

## नवं वाक्य लिहिणं

जँगोचं सगळं लेखन इंग्रजीत आहे, अमेरिकन स्पेलिंगसह. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. उलट साधंच हवं असतं. पहिली ओळ आज्ञार्थी: परत कर, तपास, तयार कर. एका ओळीत मावलं तर तिथेच थांबा. मावत नसेल तर सारांशाची एक ओळ, मग एक रिकामी ओळ, मग तपशील.

समजा आधीचं वाक्य होतं, 'हे फंक्शन सिस्टीममधले वापरकर्ते मिळवण्यासाठी वापरलं जातं'. कोड बघितल्यावर कळलं की बंद केलेली खाती वगळली जातात आणि यादीऐवजी क्वेरीसेट मिळतो. नवं वाक्य: 'सक्रिय वापरकर्त्यांचा क्वेरीसेट परत कर, बंद खाती वगळ.' शब्द जवळपास तेवढेच, पण वाचणाऱ्याला आता कोड उघडावा लागत नाही.

काय लिहायचं हे सुचत नसेल तेव्हा स्वतःला विचारा, या फंक्शनने मला चकवलं कुठे? बल्क क्रिएटसारखं 'काय करत नाही' हे बऱ्याचदा 'काय करतं' यापेक्षा कामाचं असतं. सिग्नल जात नाहीत हे माहीत नसलेला माणूस चुकीच्या जागी तासन् तास शोधत बसतो.

डॉक्स फोल्डरमध्ये लिहिताना आणखी एक पथ्य आहे. जस्ट, सिम्पली, ईझिली, मियरली असे काम हलकं भासवणारे शब्द टाळावेत असं जँगोचं मार्गदर्शन सांगतं. मला हा नियम फार पटतो. अडलेल्या माणसाला 'हे सहज करा' असं वाचून मदत होत नाही, अपमान होतो. एखाद्या पानावरून असे शब्द काढताना लक्षात येईल की वाक्याचा अर्थ तसूभरही बदलत नाही.

स्वतःच्या प्रोजेक्टवर हा सराव करायचा असेल तर जँगोसोबतच येणारं ॲडमिनडॉक्स चालू करून बघा. ते तुमच्या मॉडेल, व्ह्यू आणि टेम्प्लेट टॅगच्या डॉकस्ट्रिंग ॲडमिनमध्ये पानांच्या रूपात दाखवतं. त्यासाठी डॉकयूटिल्स इन्स्टॉल असावं लागतं. आपल्याच डॉकस्ट्रिंग अशा मांडलेल्या पाहिल्या की कुठली ओळ रिकामी आहे हे कुणी सांगावं लागत नाही.

## टिकीट, कमिट, पॅच

नुसती टायपोची दुरुस्ती असेल तर टिकीट लागत नाही, थेट पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) करा. त्यापलीकडचं काही असेल तर जँगोच्या ट्रॅकमध्ये (टिकीटं ठेवणाऱ्या साइटवर) टिकीट हवं, नाहीतर पुल रिक्वेस्ट बंद केली जाते. आधीच कुणी टिकीट उघडलंय का ते शोधा. 'डॉक्युमेंटेशन' हा घटक आणि 'ईझी पिकिंग्ज' ही खूण लावून गाळलं की नवख्यांना झेपणारी कामं समोर येतात. निवडलेलं टिकीट ॲक्सेप्टेड झालेलं आहे ना, दुसऱ्या कुणी स्वतःच्या नावावर घेतलेलं नाही ना, एवढं पाहून मग तुमच्या नावावर करा.

एका पॅचमध्ये एकाच प्रकारचा बदल. हा नियम लेखी असो वा नसो, पाळाच. खोटं विधान सुधारणं, क्रियापदं बदलणं आणि ओळींची लांबी जुळवणं हे तिन्ही एकत्र आलं की तपासणाऱ्याला महत्त्वाची ओळ शोधावी लागते. मोठी सफाई कशी करावी याचा नमुना जँगोतच आहे. २०१७ मध्ये डॉकस्ट्रिंगची क्रियापदं पेप २५७ प्रमाणे करण्याचं काम टिकीट २७६५६ खाली झालं. बदल शेकडो ठिकाणी होते, तरी फॉर्म, कोअर, डीबी असे भाग पाडून प्रत्येकाची वेगळी कमिट केली गेली. संदेश वाचूनच कळतं की यात फक्त क्रियापदं बदललीत.

कमिटचा संदेश भूतकाळात आणि शेवटी पूर्णविराम. टिकीट पूर्ण होत असेल तर सुरुवातीला फिक्स्ड आणि नंबर, नुसता संबंध असेल तर रेफ्स. डॉकस्ट्रिंग आज्ञार्थी आणि कमिट भूतकाळात, हे उलटसुलट वाटतं खरं. पण डॉकस्ट्रिंग कोडला उद्देशून असते, कमिट झालेल्या कामाची नोंद असते.

पाठवण्याआधी डॉक्स फोल्डरमधून मेक स्पेलिंग चालवा. बरोबर शब्दालाही ते अडत असेल तर आधी बघा, तो कोडमधला शब्द आहे का. असेल तर त्याला दुहेरी बॅकटिक हवेत. खरंच नवा तांत्रिक शब्द असेल तरच शब्दयादीच्या फाइलमध्ये घाला, अकारविल्हे. पानांमधल्या कोडच्या उदाहरणांसाठी मेक ब्लॅक आहे; ब्लॅक हे कोडची मांडणी एकसारखी करणारं साधन. लिंकना हात लावला असेल तर मेक लिंकचेक. स्फिंक्सचे इशारे दुर्लक्षू नका. तुटलेला संदर्भ पानावर साधा मजकूर म्हणून निमूट छापला जातो आणि डोळ्यांना कळत नाही.

## तपासणी आणि त्यानंतर

पहिल्या पॅचवर शेरे येणारच. 'हे वाक्य का बदललं?' असा प्रश्न आला तर तुमची तपासणी उत्तरात मांडा: अमुक कमिटमध्ये वागणूक बदलली, अमुक टेस्ट तेच दाखवते. ही माहिती आधीच वर्णनात लिहिली असेल तर प्रश्न बहुधा येतच नाही. शब्दरचनेबद्दलचे शेरे शक्यतो मान्य करून टाका. आशयाबद्दलचे मात्र पुराव्याशिवाय मान्य करू नका, समोरचा कितीही जुना असला तरी.

'सगळ्या फाइलमधलं एकदम नीट करतो' असा प्रस्ताव घेऊन गेलात तर नकार मिळण्याची शक्यता मोठी, आणि तो रास्त आहे. अशा पॅचमुळे उघड्या असलेल्या इतर पुल रिक्वेस्टमध्ये संघर्ष होतात आणि ब्लेममध्ये प्रत्येक ओळीवर तुमचं नाव येऊन खरी माहिती गाडली जाते. २०२२ मध्ये जँगोचा सगळा कोड ब्लॅकने नव्याने मांडला गेला, तेव्हा ती कमिट ब्लेमने वगळावी म्हणून रिपॉझिटरीत खास फाइल ठेवावी लागली. डॉकस्ट्रिंगच्या सफाईसाठी तेवढा खटाटोप कुणी करणार नाही.

पॅच मर्ज झाल्यावर कधी कधी तीच कमिट चौकोनी कंसात आवृत्तीचा नंबर घेऊन दुसऱ्या ब्रँचवरही दिसेल. घाबरू नका, तो बॅकपोर्ट आहे. डॉक्युमेंटेशनच्या दुरुस्त्या शेवटच्या प्रसिद्ध आवृत्तीत इतर बदलांपेक्षा सहज नेल्या जातात आणि ते काम मर्ज करणारेच करतात. तुमच्याकडे एकच काम उरतं: डॉकस्ट्रिंगमध्ये जे विधान सुधारलंत, तेच रेफरन्सच्या पानावर कसं लिहिलंय ते उघडून बघा. तिथेही चुकलेलं असेल तर पुढचं टिकीट तुमचंच.